१० एमबीची लाइन आणि नऊ पट वेळ : सोलापूरच्या एका टॉवेल युनिटचं प्रकरण

मी सोलापुरात छोट्या-मध्यम कारखान्यांचं नेटवर्क बघतो, म्हणजे राउटर, बॅकअप, कॅमेरे, आणि प्रिंटर चालत नाही म्हणून येणारे फोन पण. हे प्रकरण दोनेक वर्षांपूर्वीचं आहे. पार्टीचं नाव, लाइन देणाऱ्या कंपनीचं नाव देत नाही, आणि तसंही दोष त्यांचा कमी आणि माझा जास्त आहे ते पुढं येईलच. आकडे थोडे गोल केलेत पण हिशेब खरा आहे.

पार्श्वभूमी

टॉवेलचं युनिट, दोन जागा. लूम आणि ऑफिस अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आणि सुताचं गोडाउन अन् पॅकिंग चिंचोळी एमआयडीसीत, म्हणजे शहराच्या बरोब्बर दोन टोकांना. मधे जुनी लीज्ड लाइन, म्हणजे दोन जागांमधे फक्त आपल्यासाठी भाड्यानं घेतलेली लाइन, तांब्याच्या जोडीवरची ई-वन. तिच्यावरून दिवसा ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार बघणारं सॉफ्टवेअर, चालायचं आणि रात्री दहाला अक्कलकोट रोडचा बॅकअप चिंचोळीच्या सर्व्हरवर जायचा. सकाळी सहाला पहिली पाळी लागते, गेटवर पंचिंग सुरू होतं, सुताच्या स्लिपा फाटायला लागतात, त्यामुळं बॅकअपला रात्री दहा ते सकाळी सहा एवढेच आठ तास.

ई-वन म्हणजे काय ते नवीन पोरांना माहीत नसतं म्हणून सांगतो. ही मुळात टेलिफोनची चीज. माणसाचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजायचा, दर मापाला ८ बिट, म्हणजे शून्य-एकचे आठ आकडे, झाले ६४,००० बिट, म्हणजे ६४ केबीपीएस, सेकंदाला ६४ किलोबिट. असे ३२ खण एकत्र बांधले की २०४८ केबीपीएस. त्यातला एक खण फ्रेमिंगमधे, म्हणजे दोन टोकांचा ताल जुळवण्यात जातो, आमच्याकडं डेटाला ३१ मिळायचे, म्हणजे १९८४ केबीपीएस. अमेरिकेत २४ खण बांधतात, वर ८ केबीपीएस फ्रेमिंगचे, ती टी-वन, १५४४ ची. आता २०४८ हा आकडा बघून भल्याभल्यांना वाटतं की हे १०२४ च्या दुप्पट आहे म्हणजे नेटवर्कमधे किलो १०२४ चा असतो. नसतो. तो ३२ गुणिले ६४ आहे, योगायोग आहे. लाइनचा किलो हजाराचाच.

कारखान्याचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मी पण. एककांच्या बाबतीत हा माणूस तयार आहे. अमेरिकेचा बायर डझनाला पौंडात वजन सांगतो, इथं सगळं जीएसएमवर, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम त्यावर चालतं. माझ्यासमोर एकदा फोनवर त्यांना कुणीतरी २७ बाय ५२ इंच, डझनाला साडेदहा पौंड असं सांगितलं, आणि फोन कानाला तसाच ठेवून अण्णा मागं वळून सुपरवायजरला म्हणाले, "चारशे चाळीसच्या आत आहे." मी नंतर मोबाइलवर करून बघितलं, ४३८ आलं. तर असा माणूस असताना सुद्धा पुढचं झालं.

अडचण

बॅकअप आधी तीन जीबीचा होता, मग डिझाइनच्या स्कॅन फायली आल्या, मग कुणीतरी गेटच्या कॅमेऱ्याचं फोल्डर पण त्यात टाकलं, आणि रोजचा बॅकअप नऊ जीबीला गेला. सकाळी सव्वानऊपर्यंत चालू. सहा ते सव्वानऊ ईआरपी रडत, सुताची स्लिप निघायला पाच पाच मिनिटं, बाहेर टेम्पो उभा. गोडाउनचा मुनीम रोज फोन करायचा, "रात्रभर चालूच हाय की ओ ते, बघा की जरा."

शिवाय आठवड्याचा पूर्ण बॅकअप, तो चाळीस जीबीचा, लाइनवरून कधी गेलाच नव्हता. एका हार्ड डिस्कवर घ्यायचे आणि ती डिस्क सर्व्हरच्याच कपाटात ठेवायचे. आग लागली तर दोन्ही सोबत जळणार. मी हे दोनदा सांगितलं होतं, तिसऱ्यांदा अण्णांनी मनावर घेतलं आणि म्हणाले, नवीन लाइन घेऊ, किती एमबीची पाहिजे सांगा.

पहिला निर्णय, आणि इथंच चुकलं

अकाउंटचे काका एक्सेलमधे पक्के. त्यांनी शीट केली. जुनी लाइन २ एमबी, बॅकअप ९ जीबी म्हणजे ९००० एमबी, भागिले २, साडेचार हजार सेकंद, सव्वा तास. नवीन लाइन १० एमबी, पूर्ण बॅकअप ४०,००० एमबी, भागिले १०, चार हजार सेकंद, एक तास सात मिनिटं. वा. १० ची पुरते.

आता हे "१० एमबी" काकांनी कुठून घेतलं? माझ्याच व्हॉट्सअपवरून. मी मराठीत टाइप केलं होतं, "अण्णा १० एमबीची लीज्ड लाइन बघू". बोलताना आपण सगळेच असं बोलतो, पन्नास एमबीचं नेट, शंभर एमबीचा प्लॅन. इंग्रजीत निदान छोटा बी आणि मोठा बी असतो, छोटा म्हणजे बिट, मोठा म्हणजे बाइट, नीट बघणाऱ्याला कळतं. देवनागरीत छोटा-मोठा अक्षरच नाही. फाइलचा पण एमबी आणि लाइनचा पण एमबी, तोंडात एकच, कागदावर पण एकच. लाइनचा मेगाबिट, फाइलचा मेगाबाइट, आणि एका बाइटमधे आठ बिट, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पंधरा वर्षं तेच करतोय. पण काकांची शीट मी मोबाइलवर उघडली, खालची बेरीज बघितली, अंगठा दाखवला आणि गाडी चालू केली.

खरं म्हणजे त्या शीटमधेच चूक ओरडून सांगत होती. पहिली ओळ म्हणत होती जुन्या लाइनवर सव्वा तास, आणि प्रत्यक्षात लागत होते सव्वाअकरा तास. हे काकांनी विचारलं सुद्धा. मी काय सांगितलं? "तांब्याची जुनी लाइन आहे काका, जॉइंट खराब झालेत, पावसाचं पाणी गेलं असेल." ऐकायला एकदम बरोबर वाटतं. जुन्या वस्तूवर ढकललं की कुणी पुढं विचारत नाही. मी लाइनवरचे एरर काउंटर बघायला पाहिजे होते, दोन मिनिटांचं काम, ते शून्यच्या आसपास होते हे मला महिन्यानं कळलं.

नवीन लाइन आली

फायबर आलं, १० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १० मेगाबिट, दोन्ही बाजूला सारखं, एक वर्षाचं अॅग्रीमेंट. पहिला आठवडा सगळे खूष. रोजचा नऊ जीबी सव्वाबाराच्या आसपास संपायचा. शीटप्रमाणं पंधरा मिनिटांत संपायला पाहिजे होता, पण सव्वाबाराला बघायला कोण जागं असतं? रात्र मोठी असली की असल्या चुका तिच्या पोटात जातात.

मग शनिवारी रात्री दहाला पूर्ण बॅकअप लावला. रविवारी सकाळी साडेसहाला अण्णांचा फोन. "सर, ही नवीन लाइन पण तशीच की. स्लिपा अडकल्यात. आणि तुमचं ते कॉपीचं १.१३ दाखवतंय. १० चे पैसे घेऊन १ देतायत, फसवलं आपल्याला."

बॅकअप आठ वाजून काही मिनिटांनी संपला. दहा तास.

मी पण चिडलो आणि लाइनवाल्यांकडं तक्रार टाकली, जरा वरच्या पट्टीत. सोमवारी त्यांचा पोरगा आला, लॅपटॉप लावला, दुसऱ्या टोकाला दुसरा पोरगा, आयपर्फ हे लाइनचा वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवलं. ९.४९, ९.४९, ९.४८. एकसारखं. मला म्हणाला, "दादा, लाइन तर फुल आहे." माझ्याकडं बघत होता आणि बिचारा काही बोलला नाही. ती तक्रार मी मागं घेतली, पण टाकायच्या आधी आठाने एकदा भाग दिला असता तर टाकावीच लागली नसती.

नऊचा आकडा

दुपारी काकांच्या टेबलावर बसून शीट परत उघडली. जुनी लाइन, शीटप्रमाणं ७५ मिनिटं, प्रत्यक्षात ६७५. नवीन लाइन, शीटप्रमाणं ६७, प्रत्यक्षात ६०३. दोन्हीकडं नऊ पट. एक तांब्याची म्हातारी लाइन आणि एक कोरं फायबर, दोघी बरोब्बर सारख्याच प्रमाणात कशा बिघडतील? बिघडलेल्या नव्हत्याच. भाग देणारा बिघडला होता.

नऊच का, आठ का नाही, तर तीन गोष्टी एकावर एक बसतात. मोठी म्हणजे बिट आणि बाइट, ती आठ पट. दुसरी म्हणजे विंडोज जीबी म्हणतं तेव्हा १०२४ चा तीनदा गुणाकार करून मोजतं, त्यामुळं त्याचा ४० जीबी हा लाइनच्या हजाराच्या भाषेत ४२.९५ जीबी असतो, सात टक्के जास्त. या १०२४ वाल्यांसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं १९९८ साली मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं काढली पण विंडोज अजून मेगाबाइट, जीबी असंच लिहितं, आणि बाजारात कुणी गिबीबाइट म्हणून बघा, लोक तोंडाकडं बघतील. तिसरी म्हणजे पाकिटं, लाइनवर डेटा छोट्या पाकिटांतून जातो आणि प्रत्येकावर पत्ता वगैरेचं हेडर लागतं. दर १४६० बाइट मालाच्या पाकिटाला हेडर, फ्रेम, मधली मोकळी जागा धरून इथरनेटवर १५३८ बाइटची जागा लागते, साधारण पाच टक्के पॅकिंगमधे गेले. आठ गुणिले १.०७ गुणिले १.०५, झाले नऊ.

अण्णांचं १.१३, म्हणजे कॉपी दाखवत होतं ते सेकंदाला मेगाबाइट, पण तसंच सोडवलं, त्यांच्यासमोर, कॅल्क्युलेटरवर. १.१३ ला आठाने गुणा, ९.०४. आता अण्णा म्हणाले, मग एक कुठं गेला? तर विंडोजचा एक मेगाबाइट म्हणजे १०,४८,५७६ बाइट, म्हणून ९.०४ ला १.०४८ ने गुणा, ९.४८. हा त्या पोराचा आकडा. उरलेलं अर्धं हेडरमधे. अण्णा म्हणाले, "म्हणजे ग्रॉस आणि नेट वेट. कार्टनचं वजन धरून बिल केलंय लाइनवाल्यानं." एकदम बरोबर, आणि मला हे इतकं सोपं कधी सुचलं नव्हतं.

मधेच ९६०० चा घोळ

त्याच बैठकीत काकांनी एक शंका काढली जी ते महिनाभर मनात ठेवून होते. लूमवर प्रॉडक्शन मोजणारे डबे आहेत, ते चार सिरियल लूपवर, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या तारांवर जोडलेत, आणि त्यांच्या मॅन्युअलमधे लिहिलंय बॉड रेट ९६००. काकांचं म्हणणं, तिथं ९६०० आहे आणि आपण १० घेतली, तर ती पुरेल कशी? हसू नका, एककाची ओळखच नसेल तर प्रश्न अगदी रास्त आहे.

९६०० म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. दर अक्षराला एक स्टार्ट बिट, आठ डेटा, एक स्टॉप, एकूण दहा, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. चारही लूप एकदम ओरडले तरी ३८,४०० बिट, १० एमबीपीएसच्या अर्ध्या टक्क्याच्या आत. इथरनेटवर चढवताना छोट्या पाकिटांमुळं ते कितीतरी पट फुगतं, तरी चिंता नाही.

बॉड आणि बिट एकच का, असं डिझाइनच्या पोरानं विचारलं. या तारेवर एकच, पण जुन्या मॉडेमवर नाही. २४०० बीपीएसचा मॉडेम सेकंदाला ६०० वेळाच सिग्नल बदलायचा, दर बदलात चार बिट कोंबून. हे समजावताना माझी गाडी अडकली तर अण्णांनी हात वर केला. "पिक, आडव्या धाग्याची एक फेरी. सेकंदाला किती पिक पडतात ते बॉड. माझ्या रुंद लूमवर चार टॉवेल बाजूबाजूला निघतात, एका पिकात चारी टॉवेलांत धागा जातो. पिक एकच, माल चार." पोरगं म्हणालं, "मग स्टार्ट-स्टॉप बिट काय बे?" आणि मग मालकासमोर बे निघालं म्हणून जीभ चावली. अण्णा म्हणाले, "तीन पिकांना धाग्याच्या लूपची एक ओळ बसते ना टेरीत, टॉवेलच्या कापडात, तसं. पिक मोजशील तेवढ्या ओळी मिळत नाहीत."

पर्याय

लाइनवाल्यांनी लगेच २० एमबीपीएस देऊ केली. वेळ निम्मा, पाच तास, आठ तासांत आरामात बसतं. पण भाडं दर महिन्याला वाढणार, आणि डिझाइनच्या फायली ज्या वेगानं वाढतायत त्यात वर्षा-दीड वर्षात पुन्हा हेच.

दुसरं, साधं १०० एमबीपीएस ब्रॉडबँड. कागदावर तासाभरात काम. पण त्या प्लॅनमधे भरवसा नाही, लाइन चार जणांत वाटलेली, आणि एमआयडीसीत कुणी ना कुणी रस्ता खोदत असतोच, तुटली तर जोडायला कधी येतील ते सांगत नाहीत. मी नको म्हणालो.

तिसरं, मोटरसायकल. चेष्टा नाही. अक्कलकोट रोडवरून गावातनं चिंचोळीला पाऊण तास धरा. एक टीबीची डिस्क डिकीत असेल तर तो वेग होतो तीन हजार एमबीपीएसच्या जवळ. अर्थात डिस्कवर कॉपी करायला आणि तिकडं उतरवायला वेळ लागतो, आमच्या चाळीस जीबीला दोन्हीकडं मिळून पंधरा मिनिटं. म्हणजे सगळं मिळून तासभर, सरासरी ९५ एमबीपीएस. नव्या कोऱ्या लाइनच्या नऊ-दहा पट, शंभर रुपयाच्या पेट्रोलात.

चौथं म्हणजे एवढा माल रोज पाठवायचाच कशाला हे विचारणं. हे खरं पहिलं यायला पाहिजे होतं.

काय केलं

तिसरं आणि चौथं मिळून केलं. कॅमेऱ्याचं फोल्डर बॅकअपमधनं काढलं, ते तिथं का होतं हे शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही. पूर्ण बॅकअप एकदा डिस्कवर घेऊन ड्रायव्हरबरोबर चिंचोळीला पाठवला आणि सर्व्हरवर उतरवला. त्यानंतर रोज रात्री फक्त बदललेला भाग जातो, आणि आठवड्याचा पूर्ण बॅकअप तिकडच्या तिकडं जुन्यात नवं मिसळून तयार होतो, लाइनवर भार नाही. रोजचा भाग दीड जीबीच्या आत, वीस-बावीस मिनिटं.

आणि काकांच्या शीटमधे एकच सूत्र ठेवलं : लाइनचे एमबीपीएस गुणिले ०.४, आला तासाला विंडोजचा जीबी. त्यात आठचा भाग, सात टक्के, पाच टक्के सगळं मुरलेलं आहे. १० ची लाइन, तासाला ४ जीबी, चाळीसला दहा तास. जुनी ई-वन, तासाला ०.८, नऊ जीबीला सव्वाअकरा तास. प्रत्यक्षाशी जुळलं तेव्हा काकांनी जुनी शीट डिलीट न करता शेजारी ठेवली, लाल रंगात. शिवाय माझ्या कोटेशनमधे आता "एमबी" हा शब्द येत नाही, लाइन असेल तर मेगाबिट प्रति सेकंद, फाइल असेल तर मेगाबाइट, पूर्ण अक्षरात. व्हॉट्सअपवर पण. हात दुखतो, पण असू दे.

परत करायचं झालं तर

ब्रॉडबँडला मी घाईनं नाही म्हणालो असं आता वाटतं. भरवसा ईआरपीला लागतो, बॅकअपला नाही, एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या रात्री जातो. छोटी लीज्ड लाइन ईआरपीला आणि स्वस्त ब्रॉडबँड बॅकअपला, असं वाटून घेतलं असतं तर भाडं पण कमी आलं असतं. पण वर्षाचं अॅग्रीमेंट झालेलं होतं आणि माझ्याच सल्ल्यानं झालेलं होतं, त्यामुळं तो विषय मी त्या वर्षी काढला नाही, हे पण खरं.

शीट आली तेव्हा लाइन घ्यायच्या आधी जुन्या लाइनवर एक जीबीची फाइल घड्याळ लावून पाठवून बघायची होती. सव्वा तास लागला असता, पंचाहत्तर मिनिटं, आणि शीट म्हणाली असती नऊ मिनिटंसुद्धा नाही. सगळं तिथंच संपलं असतं.

आणि एक गोष्ट सगळं झाल्यावर अण्णांनी विचारली जी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हती. "पाठवायला वीस मिनिटं, ठीक. उद्या इथला सर्व्हर बसला तर आणायला किती?" आणायचा म्हणजे पूर्ण चाळीस जीबी, दहा तास, लूम उभे. म्हणून ती डिस्क आता चिंचोळीलाच असते, दर सोमवारी तिकडच्या सर्व्हरवरून भरली जाते, आणि गरज पडली तर ड्रायव्हर घेऊन येईल, तासाभरात. गोडाउनमधे कुणी उचलू नये म्हणून ती टॉवेलच्या खोक्यात ठेवलीय आणि मुनीमनं वर मार्करनं लिहिलंय, बायर सॅम्पल, हात लावू नये.